फोटो चढतो, पीडीएफ चढते, एक्सेल मोडतं : जावा फ्रेमवर्कमध्ये मल्टिपार्ट कसं बसवावं?

ओसरी
शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, या विभागात माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे, कारण दोन आठवडे या प्रकरणानं डोकं खाल्लंय.

आमची पुण्यातली छोटी कंपनी, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासद नोंदणी, कर्जप्रकरणं, वसुली वगैरे. खाली आहे ते घरचंच जावा फ्रेमवर्क. २००८ च्या सुमारास एकानं सर्व्हलेट २.५ वर (सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा क्लास) उभं केलं. तो केव्हाच गेला, फ्रेमवर्क राहिलं. एक फिल्टर सगळ्या रिक्वेस्ट पकडतो, यूआरएल बघून कंट्रोलरची मेथड शोधतो आणि गेटपॅरामीटरनं मिळालेल्या व्हॅल्यू तिच्या आर्ग्युमेंटांत भरतो. एवढंच. पण तीनेकशे स्क्रीन त्यावर चालतात. ज्या सर्व्हरवर हे चालतं तो टॉमकॅट अधूनमधून बदलत बदलत ९ वर आलाय, जावा अजून ८.

फाइल अपलोड हा प्रकारच नव्हता. शाखेत कागद स्कॅन करायचे, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायचे आणि स्क्रीनवर फाइलचं नाव हातानं टाइप करायचं. आता संस्थांना सातबारा, आठ-अ, पॅनकार्ड, सहीचा नमुना सगळं फॉर्ममधूनच हवंय. फॉर्मचा एन्कटाइप (पाठवायची पद्धत) मल्टिपार्ट, म्हणजे तुकड्या-तुकड्यांत पाठवणारा, केला आणि गेटपॅरामीटर सगळीकडे नल द्यायला लागलं. म्हटलं त्यात काय, तुकड्यांमधली खुणेची ओळ, म्हणजे बाउंडरी, शोधायची आणि तुकडे पाडायचे. शनिवार-रविवारी बसून १४० ओळींचा पार्सर लिहिला. तिथून वरात निघाली.

पहिल्यांदा अख्खी बॉडी यूटीएफ-८ म्हणून स्ट्रिंगमध्ये घेतली आणि स्प्लिट केली. मजकुराचे रकाने झकास आले. फोटो मात्र उघडेना, वर मूळ फाइलपेक्षा फुगलेला. हेक्समध्ये पाहिलं. जेपेगची सुरुवात एफएफ-डी८-एफएफ अशी हवी, तिथे ईएफ-बीएफ-बीडी, ईएफ-बीएफ-बीडी अशी रांग लागलेली. एफएफ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठेच चालत नाही. जावानं अशा प्रत्येक नकोशा बाइटच्या जागी ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह बसवलं, आणि परत लिहिताना ते एकेक चिन्ह तीन बाइटांचं झालं.

मग लॅटिन-१ घेतलं. बाइटाला बाइट, काही हरवत नाही. फोटो आले. मराठी रकाने फुटले, ते पुन्हा बाइटांत नेऊन यूटीएफ-८ नं वाचले. वाटलं सुटलो. तर शाखेतून फोन : फोटो चढतो, पीडीएफ चढते, पण एक्सेल परत उतरवलं की ‘फाइल खराब आहे, दुरुस्त करू का’ असं विचारतं.

हे रात्री दोन वाजता सापडलं. तुकड्याच्या शेवटी, बाउंडरीच्या आधी, सीआर-एलएफ (नव्या ओळीचे दोन बाइट) उरतो. तो काढायला मी ट्रिम लावलं होतं. जावाचं ट्रिम नुसती मोकळी जागा काढत नाही. ३२ आणि त्याखालचं टोकाला जे दिसेल ते सगळं काढतं, शून्य बाइटसुद्धा. आणि हल्लीची एक्सेल फाइल म्हणजे आतून झिप. झिपचे शेवटचे दोन बाइट म्हणजे शेऱ्याची लांबी. झिपला शेरा कोण लिहितो? म्हणजे दोन्ही शून्य. ट्रिमनं ते खाल्ले, त्यांच्या मागचाही एखादा शून्य खाल्ला. जेपेग एफएफ-डी९ वर संपतं म्हणून वाचलं. पीडीएफच्या शेवटची एखादी नवी ओळ गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

ते दुरुस्त केलं, तर एका शाखेनं अख्खं कर्जप्रकरण रंगीत स्कॅन करून ९० एमबीची पीडीएफ पाठवली. जावा ८ मध्ये स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षर दोन बाइटांचं. म्हणजे ९० चा बाइट ॲरे, १८० ची स्ट्रिंग, स्प्लिट केल्यावर परत तेवढीच. दोन शाखांनी एकदम बटण दाबलं आणि सर्व्हर झोपला.

तर प्रश्न असे. हाच पार्सर नीट करू, की लायब्ररी घेऊ, की टॉमकॅटचंच वापरू? आणि फ्रेमवर्कच्या बाजूनं कंट्रोलरच्या हातात काय द्यावं : बाइट ॲरे, फाइल की स्ट्रीम? शिवाय मराठी फाइलनावांचा वेगळाच गोंधळ आहे, तो नंतर सांगतो.

शून्यसूचक
शनिवार, रात्री ११:५२

ट्रिमनं झिपची शेपटी खाल्ली हे वाचून चहा सांडला. आमच्याकडे असाच एक पार्सर होता, त्यात रीडलाइन वापरलं होतं. फोटोत जिथे जिथे ०ए बाइट यायचा तिथे ‘ओळ’ तुटायची.

मुद्द्याचं : पार्सर टाकून द्या. सर्व्हलेट ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २००९ पासून, हे काम कंटेनरचं, म्हणजे सर्व्हलेट चालवणाऱ्या टॉमकॅटसारख्या सर्व्हरचं, आहे. सर्व्हलेटवर मल्टिपार्टकॉन्फिग अ‍ॅनोटेशन लावा, गेटपार्ट्स म्हणा, एकेक पार्ट हातात येतो. मजकुराचे रकाने तर गेटपॅरामीटरनंच मिळायला लागतात, म्हणजे तुमचे तीनशे स्क्रीन जसेच्या तसे. फक्त क्लायंटनं दिलेलं फाइलनाव काढायची मेथड ३.१ मध्ये आली, त्याआधी कंटेंट-डिस्पोझिशन हेडर स्वतः सोलावा लागायचा. टॉमकॅट ९ म्हणजे सर्व्हलेट ४.०, तेव्हा ती काळजी नाही.

पेठकर
रविवार, सकाळी ८:०५

२०२० नंतरही लोक घरचं फ्रेमवर्क चालवतात आणि वर त्यात अपलोड बसवतात? स्प्रिंग बूट हे तयार फ्रेमवर्क घ्या, मल्टिपार्टफाइल आर्ग्युमेंट लिहा, दहा मिनिटांत काम. नसते उद्योग.

ओसरी
रविवार, सकाळी ९:३०

पेठकर, तीनशे स्क्रीन तुम्ही स्प्रिंगवर आणून द्या, मी दहा मिनिटांत अपलोड करून दाखवतो. :)

शून्यसूचक, सकाळी उठून लगेच करून पाहिलं. गेटपार्ट्स म्हटलं की इललीगलस्टेटएक्सेप्शन, म्हणतं मल्टिपार्टची कॉन्फिग दिलेलीच नाही. अ‍ॅनोटेशन फिल्टरच्या क्लासवर लावलंय. काय चुकलं?

शून्यसूचक
रविवार, सकाळी १०:१४

अरेच्चा, तुमचा दरवाजाच फिल्टर आहे हे मी वाचूनही विसरलो. तिथेच गोम आहे. मल्टिपार्टची कॉन्फिग सर्व्हलेटला चिकटते, फिल्टरला नाही. तुमच्या फिल्टरच्या पलीकडे बसलाय टॉमकॅटचा डिफॉल्ट सर्व्हलेट, आणि त्याला अपलोडशी देणंघेणं नाही. म्हणून कंटेनर म्हणतो मी पार्स करणार नाही.

टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टला अलाउकॅज्युअलमल्टिपार्टपार्सिंग असा एक अ‍ॅट्रिब्यूट आहे. तो ट्रू केला की कॉन्फिग नसतानाही पार्स करतो. पण मग ते फक्त टॉमकॅटवर चालणार, आणि कुठल्या यूआरएलवर अपलोड चालावा याला धरबंधच राहत नाही. मी म्हणेन फिल्टर तसाच ठेवा, पण कंट्रोलर बोलावण्याचं काम एका सर्व्हलेटकडे सोपवा आणि तो नोंदवताना सेटमल्टिपार्टकॉन्फिगनं मर्यादा द्या. फिल्टरनं फक्त लॉगिन आणि एन्कोडिंग बघावं.

दुसरा रस्ता अपाची कॉमन्स फाइलअपलोडचा. ते कुठेही चालतं, फिल्टरमध्येसुद्धा. स्ट्रट्स २ या जावा फ्रेमवर्कचा दरवाजाही फिल्टरच, आणि त्यांनी वर्षानुवर्षं तेच वापरलं. गंमत म्हणजे टॉमकॅटच्या पोटातही त्याच लायब्ररीची पॅकेजचं नाव बदललेली प्रत आहे. म्हणजे कुठूनही गेलात तरी पोचणार तिथेच.

माजघर
रविवार, दुपारी १२:४०

जुना माणूस आहे, थोडं पुराण सांगू द्या.

ब्राउझरमधून फाइल पाठवायची ही कल्पना आरएफसी १८६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) मधली, नोव्हेंबर १९९५. झेरॉक्समधल्या दोघांनी लिहिलेला. तोवर फॉर्म म्हणजे नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू आणि मध्ये अँपरसँड. त्यात फोटो कोंबायचा तर प्रत्येक विचित्र बाइटचे टक्का-चिन्हासकट तीन बाइट होतात. म्हणून ईमेलच्या माइममधली बहुभागी रचना उचलली. पत्राला अटॅचमेंट लावतात तशीच ही फाइल. आज जो लागू आहे तो आरएफसी ७५७८, जुलै २०१५ चा.

या रचनेत एक खोच आहे आणि ओसरींचे अर्धे हाल तिच्यामुळे झालेत. तुकड्याला लांबी नसते. ‘पुढचे अमुक बाइट माझे’ असं कुणी सांगत नाही, बाउंडरी दिसेपर्यंत वाचत राहायचं. आणि बाउंडरीच्या आधीचा सीआर-एलएफ हा बाउंडरीचा भाग आहे, फाइलचा नाही. ट्रिम नको, नेमके दोन बाइट सोडायचे. खरी मजा पुढे येते. आपण वाचतो बफर-बफरनं. बाउंडरीचा अर्धा भाग या बफरच्या शेवटी आला आणि उरलेला पुढच्याच्या सुरुवातीला, तर? घरच्या पार्सरमधला जो दोष हजार फाइलींत एकदा दिसतो तो इथला. बफरच्या शेवटच्या, बाउंडरीएवढ्या बाइटांना हात न लावता ते पुढच्या फेरीत न्यावे लागतात.

हे भल्याभल्यांना चकवतं. कॉमन्स फाइलअपलोडचा बफर ४०९६ बाइटांचा. माइमच्या नियमाप्रमाणे बाउंडरी ७० अक्षरांपुढे जाऊ नये, पण ते तपासत कोण होतं? फेब्रुवारी २०१४ मध्ये उघड झालं की कुणी ४०९१ हून लांब बाउंडरी हेडरमध्ये पाठवली की पार्सर फिरतच राहतो, धागा कधी सुटतच नाही. (हा धागा नव्हे, थ्रेड.) अशा दहा-वीस रिक्वेस्ट आल्या की सर्व्हर आडवा. १.३.१ मध्ये दुरुस्त केलं, टॉमकॅटलाही करावं लागलं, प्रत तीच ना. एवढ्या वापरातल्या कोडची ही गत, तिथे १४० ओळींचं काय घेऊन बसलात.

कॉमन्सच्याही आधी आम्ही जेसन हंटरच्या सर्व्हलेट पुस्तकाबरोबरचा मल्टिपार्टरिक्वेस्ट क्लास वापरायचो. आणि इंटरनेट एक्सप्लोरर तेव्हा फाइलनावात सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पाथ पाठवायचा. लोकांच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरांची नावं आमच्या डेटाबेसमध्ये पडून असायची. काय काय वाचलंय म्हणून सांगू.

रातराणी
रविवार, दुपारी ३:१५

मी सर्व्हर सांभाळते, त्यामुळे तुमचा कोड संपतो तिथून माझं दुखणं सुरू होतं.

ओसरी, ९० एमबीची मर्यादा ठरवाल, पण ती किती ठिकाणी सांगावी लागते ते आधी मोजा. पुढे एनजिनएक्स (टॉमकॅटच्या आधी रिक्वेस्ट घेणारा सर्व्हर) असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी. त्यापुढची फाइल तुमच्या जावापर्यंत येतच नाही, ४१३ (‘फार मोठं आहे’ हा एरर) देऊन परत पाठवतो, आणि तुम्ही लॉगमध्ये शोधत बसता की रिक्वेस्ट गेली कुठे. टॉमकॅटचा मॅक्सपोस्टसाइज मुळात २ एमबी. तो फाइलला लागत नाही, फॉर्मच्या रकान्यांना लागतो, पण एखाद्या रकान्यात कुणी लांबलचक मजकूर चिकटवला की मल्टिपार्टमध्येही आडवा येतो. पेठकरांच्या स्प्रिंग बूटमध्येसुद्धा फाइलला १ एमबी आणि रिक्वेस्टला १० एमबी अशी मूळ मर्यादा आहे. तेव्हा दहा मिनिटांत काम होतं, अकराव्या मिनिटाला फोन येतो.

उलट मल्टिपार्टकॉन्फिगमध्ये मर्यादा दिली नाहीत तर मर्यादाच नाही, उणे एक. तेही लक्षात ठेवा.

आता सगळ्यात चिडचिड करणारा प्रकार. तुम्ही छान मराठीत ‘फाइल २० एमबीपेक्षा मोठी आहे, लहान करून पाठवा’ असं पान केलंत. वापरणाऱ्याला ते दिसतच नाही, ब्राउझर म्हणतो कनेक्शन तुटलं. का? टॉमकॅटनं मर्यादा ओलांडलेली पाहिली आणि नकार तयार केला, पण ब्राउझर अजून पाठवतोच आहे. उरलेली बॉडी टॉमकॅट वाचून फेकून देतो, पण २ एमबीपर्यंतच. त्याला मॅक्सस्वॅलोसाइज म्हणतात. त्यापुढे तो कनेक्शन तोडतो, आणि मधल्यामध्ये तुमचं पान हरवतं. तो आकडा वाढवा, आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं आधीच साइज बघा. ती तपासणी सोयीची, राखण सर्व्हरवरचीच.

आणखी एक. मल्टिपार्टकॉन्फिगमधलं लोकेशन, म्हणजे फाइल तात्पुरती ठेवायची जागा, रिकामं ठेवू नका. रिकामं ठेवलंत की कंटेनर स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितो, आणि ते फोल्डर टेंपमध्ये असलं तर काही लिनक्सांवर दहा दिवस न वापरलेल्या गोष्टी सिस्टिमडी झाडून काढतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला अपलोड केला की ‘तात्पुरती जागा वैध नाही’ असा एरर. रीस्टार्ट केला की चालू. आमच्या एका टीमनं हे सहा महिने ‘सर्व्हरला सुट्टी मानवत नाही’ म्हणून सोडून दिलं होतं.

ओसरी
रविवार, रात्री ९:५०

रातराणीताई, तुम्ही आमच्याकडे कॅमेरा लावलाय का? ४१३ चा प्रकार शुक्रवारीच झाला आणि मी तो पार्सरच्या खात्यावर मांडला होता.

सर्व्हलेट वेगळा केला. जमलं. जुने स्क्रीन हललेसुद्धा नाहीत. १४० ओळी पुसल्या, थोडं वाईट वाटलं.

आता कंट्रोलरला काय द्यायचं? मला वाटत होतं सरळ स्ट्रीम द्यावा. टेंपमध्ये लिहायचं, मग वाचायचं, मग दुसरीकडे लिहायचं, ही तिहेरी हमाली कशाला?

खिडकीपाशी
रविवार, रात्री १०:३५

स्ट्रीम ऐकायला छान वाटतो. पण फॉर्ममध्ये रकाने कुठल्या क्रमानं आहेत बघा. ब्राउझर फॉर्ममधल्या क्रमानंच पाठवतो. आधी फाइल आणि खाली ‘सभासद क्रमांक’ असेल, तर फाइल वाहून जाईपर्यंत ती कुणाची हेच तुम्हाला कळणार नाही. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण) सगळ्यात खाली लपवलेलं असेल तर अजून मजा : ९० एमबी घेतले, मग कळलं की माणूसच परका. स्ट्रीम द्यायचा तर टोकन यूआरएलमध्ये किंवा हेडरमध्ये हवं, आणि फाइलचा रकाना फॉर्मच्या शेवटी. तीनशे स्क्रीन लिहिणाऱ्या बारा जणांना हे कोण शिकवणार?

मी असतो तर मेथडच्या आर्ग्युमेंटला एक छोटा इंटरफेस दिला असता. नाव, साइज, स्ट्रीम उघड, अमुक जागी हलव. बाइट ॲरे देणारी मेथड ठेवायचीच नाही. ठेवली की सगळे तीच वापरतात. खाली पार्ट आहे की कॉमन्स, हे कंट्रोलरला कळू देऊ नका. उद्या टॉमकॅट १० वर गेलात की सर्व्हलेटच्या पॅकेजांच्या नावांत जावाएक्सचं जकार्ता होणार, तेव्हा एकच क्लास बदलावा लागेल.

तिहेरी हमालीचं म्हणाल तर लोकेशन आणि अंतिम जागा एकाच डिस्क पार्टिशनवर ठेवा. पार्टचं राइट आधी नाव बदलून बघतं. एकाच पार्टिशनवर ते क्षणात होतं, वेगळं असेल तर बाइट-बाइट कॉपी.

आणि आता सुरक्षेचं. मार्च २०१७ चं स्ट्रट्स प्रकरण फ्रेमवर्क लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा नीट समजून घ्यावं. लोकांना वाटतं कुणीतरी वाईट फाइल चढवली. फाइल लागतच नव्हती. कंटेंट-टाइप हेडरमध्ये अगडबंब काहीतरी पाठवायचं. मल्टिपार्ट पार्सर म्हणायचा हे मला कळत नाही, आणि एररच्या मेसेजात ते हेडर जसंच्या तसं टाकायचा. स्ट्रट्स मग तो मेसेज तयार करताना त्यातलं ओजीएनएल (स्ट्रट्सची एक्स्प्रेशन भाषा) चालवायचा. म्हणजे परक्याचा कोड आपल्या सर्व्हरवर, लॉगिनच्याही आधी. दुरुस्ती लगेच आली होती, २.३.३२ आणि २.५.१०.१. ती वेळेत न लावल्यामुळे इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. ओसरी, तुमच्या फ्रेमवर्कमध्ये एररचे मेसेज कसे बनतात? क्लायंटकडून आलेलं नाव त्यात पडतं का? टेम्प्लेट इंजिन ते परत वाचतं का?

फाइलनावाला पाथ समजू नका. दोन टिंबं आणि स्लॅश घालून कुणीही वरच्या फोल्डरात चढू शकतो. स्ट्रट्समध्येच डिसेंबर २०२३ ला यासारखंच निघालं. डिस्कवर स्वतःचं यूयूआयडी (आपण तयार केलेलं, परत न येणारं नाव), मूळ नाव फक्त डेटाबेसात दाखवण्यापुरतं. आणि किती तुकडे यावेत यालाही मर्यादा घाला. साइज छोटी ठेवून लाखभर रिकामे तुकडे पाठवले तरी सर्व्हर दमतो. कॉमन्सनं ती मर्यादा २०२३ मध्ये १.५ ला दिली, आणि तीही आपण लावली तरच.

पेठकर
रविवार, रात्री ११:०२

बरं बाबा, मागे घेतो. बूटमध्ये १ एमबीची मर्यादा मीही खाल्ली आहे, सांगितलं नव्हतं.

ओसरी
सोमवार, दुपारी १:२०

जेवता जेवता लिहितोय. खिडकीपाशी, एररचा मेसेज तपासला. फाइलनाव त्यात पडत होतं आणि एचटीएमएलला एस्केपही होत नव्हतं. बंद केलं. इंटरफेस तुमच्या म्हणण्याप्रमाणे चार मेथडचा केला. रिक्वेस्ट संपली की उरलेले पार्ट फ्रेमवर्कच डिलीट करतं. हे आधी कंट्रोलरवर सोडलं होतं, आणि माझ्या विंडोज मशीनवर टेंप फाइली मुंग्यांसारख्या वाढत होत्या, कारण कुणी स्ट्रीम बंदच करत नव्हतं. उघडी फाइल विंडोज डिलीट करू देत नाही.

आता मराठी नावांचं. ‘सातबारा कऱ्हाड’ नावाची पीडीएफ चढवली की माझ्याकडे बरोबर दिसतं. संस्थेच्या सर्व्हरवर मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक चार पाय फुटलेलं गोल, मग अजून काहीतरी, अशी मुंगीसेना. कोड तोच, वॉर फाइल (प्रोग्रामचं पॅकेज) तीच. आमच्या एका जुन्या मॉड्यूलला अपलोड सध्या कॉमन्सनं बसवलाय, तिथे होतंय हे.

वेलांटी
सोमवार, संध्याकाळी ६:४५

अखेर माझा विषय निघाला!

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. लॅटिन-१ मध्ये ई० म्हणजे तुमचा रेघवाला ए, ए४ म्हणजे ते पाय फुटलेलं गोल (चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे ते), आणि ए५ म्हणजे जपानी येन. म्हणून फुटलेलं मराठी लांबूनही ओळखू येतं. दर दोन-तीन अक्षरांआड तोच ए आणि मध्ये मध्ये येन. ते दिसलं की समजायचं बाइट सुखरूप आहेत, वाचणाऱ्यानं चष्मा चुकीचा घातलाय.

ब्राउझर फाइलनाव हेडरमध्ये पानाच्या एन्कोडिंगनं, म्हणजे यूटीएफ-८ चे कच्चे बाइट म्हणून, पाठवतो आणि हे यूटीएफ-८ आहे असं कुठेच सांगत नाही. कॉमन्स मग क्रमानं विचारतं : हेडर एन्कोडिंग दिलंय का? नाही. रिक्वेस्टचं आहे का? नाही. मग मशीनचं डिफॉल्ट. तुमच्या मशीनवर जावा यूटीएफ-८ वर लावलेलं असणार, त्यांचा सर्व्हर विंडोजच्या पाश्चात्त्य कोडपेजवर. जावा १८ पासून डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ झालंय, पण तुम्ही ८ वर.

उपाय एका ओळीचा. फिल्टरमध्ये अगदी पहिल्यांदा, कुणी एकही पॅरामीटर वाचायच्या आधी, सेटकॅरेक्टरएन्कोडिंग यूटीएफ-८. एकदा कुणी गेटपॅरामीटर म्हटलं की नंतर लावून उपयोग नाही. लॉगिंगचा फिल्टर आधी असेल आणि तो पॅरामीटर छापत असेल तर तोच चोर. शिवाय कॉमन्स १.x मध्ये मजकुराचा रकाना नुसत्या गेटस्ट्रिंगनं घेतलात तर तो लॅटिन-१ धरू शकतो. तिथे यूटीएफ-८ हातानं सांगा, नाहीतर फाइलचं नाव बरोबर आणि खालचं गाव फुटलेलं.

उतरवताना नियम वेगळा. तिथे कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये तारांकित फाइलनेम देऊन टक्का-एन्कोड करायचं. चढवताना ती तारांकित पद्धत आरएफसी ७५७८ नं सरळ मना केली आहे. एकच हेडर, दोन दिशांना दोन रीती. विचारू नका का.

लांबीचंही बघा. लिनक्सच्या एक्स्ट४ वर नावाला २५५ बाइट. इंग्रजीत २५५ अक्षरं, मराठीत ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ दिसायला चार अक्षरं, पण चिन्हं दहा, बाइट तीस. आपले लोक फाइलनावात अख्खा विषय लिहितात : ‘श्री. अमुक यांचा गट क्रमांक तमुकचा सातबारा उतारा नवीन दुरुस्त अंतिम’. खिडकीपाशी म्हणतात तसं डिस्कवर यूयूआयडी ठेवलंत तर ही कटकट संपते.

रातराणी
सोमवार, रात्री ८:१०

‘नवीन दुरुस्त अंतिम’ वाचून आमचं अख्खं ऑफिस डोळ्यांपुढे आलं. वेलांटी, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

ओसरी
शुक्रवार, रात्री १०:३०

चार दिवस धाग्याकडे फिरकलो नाही, कारण सगळं चालत होतं. लॉगिंगचाच फिल्टर चोर निघाला.

आज एक नवीन. शाखेतल्या बाई म्हणतात, फाइलींच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधलं की सात सापडतात. डोळ्यांनी मोजल्या तर अकरा आहेत. उरलेल्या चारांत शब्द हुबेहूब तोच दिसतो. मी दोन्हींतून तो शब्द कॉपी करून जावात ताडून पाहिला, ईक्वल्स फॉल्स म्हणतं. या चारही एका साहेबांच्या लॅपटॉपवरून आल्यात, मॅक आहे.

वेलांटी
शुक्रवार, रात्री १०:४१

‘ऱ्ह’ मधला ऱ बघा. युनिकोडमध्ये तो एक स्वतंत्र चिन्ह म्हणूनही आहे, आणि र अधिक खालचा नुक्ता असा दोन चिन्हांचाही होतो. दिसतात सारखे, बाइट वेगळे. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम नावं सुटी करूनच ठेवायची, ती तशीच तुमच्यापर्यंत येऊ शकतात. नाव आत घेताना जावाचा नॉर्मलायझर एनएफसीनं (सुटी चिन्हं जोडून एक करणारी रीत) लावा, शोधशब्दालाही लावा. जुन्या नोंदी एकदा फिरवून घ्या. एवढ्यावर नाही भागलं तर अदृश्य जोडणीचं चिन्ह असेल मध्ये, काही जुने कीबोर्ड र, हलन्त आणि ते चिन्ह घालून तसाच ऱ् काढतात. ते एनएफसीनं जात नाही, हातानं बदलावं लागतं.

ओसरी
शुक्रवार, रात्री ११:२५

नॉर्मलायझर लावला, दहा झाल्या. अकराव्यात ते अदृश्य चिन्ह होतं, तेही बदललं. अकरा.